‘रिअलाइझ’ : एका इंग्रजी क्रियापदाची जन्मकथा

परभाषेंतील कांहीं शब्द आपल्या घरीं पाहुणे म्हणून येतात आणि पाहतां पाहतां घरचेच होऊन बसतात. टेबल, पेन्सिल, स्टेशन हे शब्द वस्तूंबरोबर आले. वस्तु नवी, म्हणून नांवहि नवें. त्यांच्या येण्यांत नवल कांहींच नाहीं. परंतु ज्या भाषेंत कळणें, समजणें, उमजणें, उमगणें, जाणवणें, पटणें, ओळखणें, ध्यानांत येणें, प्रत्ययास येणें असा क्रियापदांचा भरला संसार आहे, ती बोलणाऱ्यांना या एका गोष्टीकरितां इंग्रजीच्या दारीं जावेंसें वाटावें, हें मात्र विचार करण्याजोगें आहे. सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळी आज ‘मला एकदम रिअलाइझ झालं’ असें सहज बोलून जातात. वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, आणि विषय तेथेंच संपतो. तो तेथें संपूं नये असें आम्हांस वाटतें. हा शब्द आला कोठून, त्याचा नेमका अर्थ काय, तो कोठें वापरावा व कोठें वापरूं नये, आणि त्याच्या तोलाचें कांहीं आपल्यापाशीं आहे कीं नाहीं, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

धातु आणि प्रत्यय

जाणण्याविषयींचीं इंग्रजी क्रियापदें तपासलीं तर पुष्कळांच्या मुळाशीं जाणणें, पाहणें किंवा पकडणें यांपैकीं कांहीं तरी सांपडतें. ‘नो’ हें क्रियापद आपल्या ‘ज्ञा’ धातूचें भावंड आहे, आणि ‘रेकग्नाइझ’ या शब्दाच्या पोटांत लपलेला तुकडाहि त्याच ‘ज्ञा’चा लॅटिन अवतार आहे. जुनें ‘विट्’ आणि आजचें ‘वाइझ’ हीं ‘विद्’ धातूच्या गोत्रांतलीं. ‘पर्सीव्ह’चा मूळ अर्थ नीट हातीं धरणें असा आहे. ‘रिअलाइझ’चें मात्र तसें नाहीं. त्याच्या मुळाशीं ज्ञानहि नाहीं, डोळेहि नाहींत आणि हातहि नाहींत. तेथें आहे वस्तु, किंबहुना मालमत्ता.

लॅटिन भाषेंत ‘रेस्’ म्हणजे वस्तु, बाब, मालमत्ता. ‘रेस् पब्लिका’ म्हणजे सर्व लोकांची मिळून असलेली बाब; त्यावरूनच ‘रिपब्लिक’ हा शब्द झाला. या ‘रेस्’पासून उत्तरकालीन लॅटिनमध्यें ‘रेआलिस्’ हें विशेषण बनलें आणि तें फ्रेंचांतून इंग्रजींत ‘रिअल’ म्हणून उतरलें. आतां गंमत अशी कीं, हा ‘रेस्’ आपणांस परका नाहीं. ऋग्वेदांत धन या अर्थीं ‘रयि’ हा शब्द वारंवार येतो. आणि ज्यांनीं लहानपणीं शब्दरूपावलि घोकली असेल त्यांना ऐकारान्त पुल्लिंगी ‘रै’ शब्द आठवेल. ‘राः रायौ रायः’ असा जो घोष घराघरांतून उठत असे, तोच हा ‘रै’; त्याचाहि अर्थ धन. भाषाशास्त्रज्ञांनीं लॅटिन ‘रेस्’ व वैदिक ‘रयि’, ‘रै’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज ठरविले आहेत. तेव्हां ‘रिअल’ म्हणजे ‘खरें’ या अर्थाच्या तळाशीं ‘हातांत असलेलें धन’ ही कल्पना आहे, हें ध्यानांत ठेवावें. पुढें ती उपयोगीं पडेल.

शेवटचा ‘आइझ’ हा प्रत्यय मूळ ग्रीक. तो लॅटिन व फ्रेंच या मार्गानें इंग्रजींत आला. त्याचें काम ‘तसें करणें’ असें सांगणें. ज्यांचा व्याकरणाशीं परिचय आहे त्यांना येथें संस्कृतांतील च्वि प्रत्ययाची आठवण होईल. शुक्लीकरण म्हणजे जें शुभ्र नव्हतें तें शुभ्र करणें. जें पूर्वीं तसें नव्हतें तें तसें होणें, याला वैयाकरणांनीं ‘अभूततद्भाव’ असें सुरेख नांव दिलें आहे. ‘रिअलाइझ’ म्हणजे, अशा रीतीनें, जें रिअल नव्हतें तें रिअल करणें.

शब्दाच्या लेखनाविषयीं शाळकरी मुलांत नेहमीं वाद होतो, म्हणून जातां जातां तेंहि सांगतों. शेवटीं ‘झेड’ लिहावा कीं ‘एस्’? ग्रीक मूळ मानणारे ऑक्सफर्डचे कोशकार ‘झेड’ लिहितात. फ्रेंच वळणास अनुसरून इंग्लंडांतील बहुतेक लोक ‘एस्’ लिहितात. अमेरिकेंत केवळ ‘झेड’ चालतो. दोन्ही शुद्ध आहेत. एकाच निबंधांत दोन्ही लिहिणें तेवढें टाळावें.

पैशाच्या बाजारांत

सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजींत हा शब्द दिसूं लागला, तेव्हां त्याचा अर्थ सरळ होता : एखादी कल्पना, बेत किंवा आशा प्रत्यक्षांत उतरविणें. तो अर्थ आजहि जिवंत आहे. मनांतलें घर बांधून झालें कीं, इंग्रज माणूस आपलें स्वप्न ‘रिअलाइझ’ झालें असें म्हणतो. आपण साकार झालें किंवा सिद्धीस गेलें असें म्हणतों.

पुढें या शब्दाच्या फ्रेंच भावंडाला पैशाचा वास लागला. जॉन लॉ नांवाच्या एका स्कॉटिश गृहस्थानें १७१६ मध्यें पॅरिस येथें पेढी उघडली आणि दुसऱ्याच वर्षीं मिसिसिपी नदीकांठच्या फ्रेंच वसाहतींचा व्यापार करणारी कंपनी हातीं घेतली. पांचशें लिव्हर दर्शनी किंमतीचा तिचा भाग १७२० च्या सुमारास दहा हजारांपर्यंत चढला. साऱ्या शहराला श्रीमंतीचें वारें लागलें. परंतु ही सारी श्रीमंती कागदी होती. जे सावध होते त्यांनीं आपले भाग व नोटा विकून सोनें, जडजवाहीर, जमीन असें कांहीं तरी हातीं लागेल तें घेण्यास आरंभ केला. अशा लोकांस फ्रेंचांत ‘रेआलिझेर’, म्हणजे कागदाचें खरें धन करून घेणारे, असें नांव पडलें. १७२० सालींच तो डोलारा कोसळला. ज्यांनीं वेळेवर ‘रिअलाइझ’ केलें ते तरले. बाकीच्यांच्या हातीं कागद उरले.

इंग्रजींतहि पैशाचा हा अर्थ अठराव्या शतकांत रूढ झाला. डॉक्टर जॉन्सनचा सुप्रसिद्ध कोश १७५५ सालचा. त्यांत या क्रियापदाचे दोनच अर्थ दिले आहेत : एक, अस्तित्वांत किंवा कृतींत आणणें, दुसरा, पैशाची जमीन करणें. दुसरा अर्थ वाचून आजचा वाचक थबकेल, कारण आज आपण नेमकें उलट म्हणतों. जमीन किंवा रोखे विकून त्यांचा पैसा केला म्हणजे तो ‘रिअलाइझ’ झाला. जॉन्सनच्या काळीं जमीन हेंच खरें धन मानलें जात होतें. इंग्रजी कायद्यांतील ‘रिअल प्रॉपर्टी’ म्हणजे जमीनजुमला, हा शब्द त्याच समजुतीच्या शेजारचा. काळ पालटला, रोख रक्कम अधिक खरी वाटूं लागली, आणि क्रियापदानें तोंड फिरविलें. कोणत्या काळीं माणसें कशाला ‘खरें’ मानतात, हें त्यांच्या क्रियापदांवरून कळतें, तें असें.

बाजारांतून मनांत

जॉन्सनच्या कोशांत मनाचा अर्थ मुळींच नाहीं, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ‘जाणीव होणें’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, विशेषतः अमेरिकेंतील लिखाणांत, रुजूं लागला. नोआ वेब्स्टरनें १८२८ मध्यें आपला अमेरिकन कोश प्रसिद्ध केला, तेव्हां त्याला तो अर्थ नोंदवावा लागला. आणि त्यानें तो फार मार्मिकपणें नोंदविला आहे. एखादी गोष्ट स्वतःच्या अनुभवाच्या कक्षेंत आणणें, ती आपलीच मानणें, तिचा पूर्ण भार अंतःकरणाला जाणवणें, असा त्याच्या विवरणाचा आशय आहे. उदाहरण म्हणून त्यानें विचारिलें आहे कीं, घरांत शेकोटीच्या उबेला बसलेल्या कोणत्या मनुष्याला फुटलेल्या गलबतावरील खलाशांच्या हालांची अशी जाणीव होऊं शकेल?

हें उदाहरण नीट पाहावें. शेकोटीजवळच्या मनुष्याला गलबत फुटल्याची बातमी ठाऊक आहे. खलाशी बुडाले हें त्याला समजलें आहे. त्याच्या ज्ञानांत कोणतीहि उणीव नाहीं; तरीहि त्याच्यापुरतें तें वादळ अजून कागदी आहे. ज्या क्षणीं तें थंड पाणी त्याच्या स्वतःच्या अंगाला लागेल त्या क्षणीं तें रिअल होईल. ‘नो’ आणि ‘रिअलाइझ’ यांतील अंतर तें हेंच. इंग्लंडांतील कित्येक शुद्धताप्रेमी लोकांना एकोणिसाव्या शतकांत हा प्रयोग अमेरिकन म्हणून खटकत असे. पण गरज खरी होती, म्हणून शब्द टिकला. आज तर इंग्रजींत हाच त्याचा पहिला अर्थ होऊन बसला आहे.

वापर कसा करावा

आतां वापराकडे वळूं. जवळच्या शब्दांपासून याला वेगळें ओळखण्यास एक घरगुती उदाहरण घेऊं. भिंतीवरील घड्याळ बंद पडलेलें दिसलें, हें ‘नोटिस’. तें कां बंद पडलें याचें कारण लागलें, हें ‘अंडरस्टँड’. आणि घड्याळ बंद आहे त्या अर्थीं आपली गाडी केव्हांच निघून गेली, हें जेव्हां मनांत लख्ख झालें, तेव्हां ‘रिअलाइझ’. स्टेशनावर धांवत गेल्यावर बालपणींचा मित्र भेटला व ओळख पटली, तर तें ‘रेकग्नाइझ’. ‘नो’ ही स्थिति आहे. ‘रिअलाइझ’ बहुधा त्या स्थितींत शिरण्याचा क्षण असतो. म्हणूनच ‘आय् अ‍ॅम रिअलाइझिंग’ असा चालू काळ इंग्रज माणूस सहसा वापरीत नाहीं. जाणीव हळूहळू होत असेल तर ‘रिअलाइझ करूं लागलों’ अशी रचना त्याला अधिक रुचते.

या क्रियापदाला कर्म थेट लागतें. ‘अमुक गोष्टीविषयीं’ असें आपल्या सवयीनें मध्यें ‘अबाउट’ घालणें चुकीचें. ‘मेड मी टु रिअलाइझ’ अशी रचना आपल्याकडे पुष्कळदां ऐकूं येते. तींतला ‘टु’ वगळावा.

याहूनहि महत्त्वाचा नियम अर्थाचा आहे. जें खोटें आहे तें ‘रिअलाइझ’ होऊं शकत नाहीं. पृथ्वी सपाट आहे असें कोणी ‘मानील’, कोणी ‘समजेल’. पण ‘त्यानें तें रिअलाइझ केलें’ असें म्हणणारा स्वतःच पृथ्वी सपाट असल्याची ग्वाही देतो. पॉल व कॅरल किपार्स्की यांनीं १९७० मध्यें अशा क्रियापदांचा एक निराळा वर्गच दाखवून दिला, ज्यांत सांगितलेली गोष्ट खरी असल्याचें आधींच गृहीत असतें. यांपैकीं पॉल किपार्स्की हे पाणिनीचेहि मोठे अभ्यासक आहेत. दुसऱ्याच वर्षीं लाउरी कार्टुनेन या फिनिश भाषाशास्त्रज्ञानें त्यांत एक बारकावा दाखविला. ‘मी खोटें बोललों याचा मला उद्यां पश्चात्ताप झाला तर’ असें म्हणणारा आपण खोटें बोललों हें कबूल करून चुकला. परंतु ‘मी खोटें बोललों असें उद्यां मला रिअलाइझ झालें तर’ असें म्हणणाऱ्यानें कांहींच कबूल केलेलें नाहीं. तो अजून चौकशी करीत आहे. एकाच वर्गांतील दोन शब्दांत एवढा फरक!

म्हणजे पूर्वीं सांगितलेला अभूततद्भाव येथें मोठ्या चमत्कारिक ठिकाणीं घडतो. गोष्ट आधींपासून खरीच असते. तिच्यांत तिळमात्र बदल होत नाहीं. बदल होतो तो जाणणाऱ्यांत.

मराठींत या शब्दानें केलेलें रूपांतरहि पाहण्याजोगें आहे. इंग्रजींत जाणणारा हा कर्ता. ‘मी’ रिअलाइझ करतों. मराठींत ज्ञान बहुधा माणसाकडे चालून येतें. ‘मला’ कळतें, ‘मला’ उमगतें, ‘मला’ जाणवतें. आपल्या मुलांनीं परका शब्द घेतला खरा, पण ‘मीं रिअलाइझ केलं’ याहून ‘मला रिअलाइझ झालं’ हेंच त्यांच्या तोंडीं अधिक बसलें. शब्द इंग्रजी, परंतु विभक्ति आपली. भाषेची शिस्त शब्दांपेक्षां खोल असते, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचितच मिळेल.

तत्त्वज्ञानाच्या प्रांतांत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाला तत्त्वज्ञानांत मानाचें पान मिळालें. एफ्. एच्. ब्रॅड्ली यानें १८७६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत ‘सेल्फ-रिअलायझेशन’ हें नैतिक जीवनाचें साध्य ठरविलें. स्वामी विवेकानंदांनीं ऑक्टोबर १८९६ मध्यें लंडन येथें जें एक व्याख्यान दिलें त्याचें नांवच ‘रिअलायझेशन’ असें आहे; आणि गुरुदेव रा. द. रानडे यांच्या, महाराष्ट्रांतील संतांच्या अनुभवांवरील १९३३ सालच्या इंग्रजी ग्रंथासारख्या लिखाणामुळें साक्षात्काराचा विचार त्या भाषेंत मांडण्याची वाट आपल्याकडेहि रुळली.

‘साक्षात्कार’ या शब्दाला ‘रिअलायझेशन’ हा प्रतिशब्द निवडण्यांत मोठें औचित्य आहे. ‘साक्षात्’ म्हणजे डोळ्यांसह, डोळ्यांसमोर. त्याला ‘कार’ जोडला म्हणजे डोळ्यांसमोर करणें. दोन्ही शब्द ‘करणें’ या अर्थाच्या शेपटाचे आहेत. फरक एवढाच कीं, रोमन मनुष्याला हातांतील धन तें खरें वाटलें, आणि आपल्या पूर्वजांना डोळ्यांसमोरील वस्तु ती खरी वाटली. म्हणून न्यायालयांत उभा राहणाराहि आपणांस ‘साक्षी’. समर्थ रामदासांनीं ‘प्रचीति’ या शब्दावर जो भर दिला आहे त्याचेंहि मर्म हेंच. प्रचीतीविण बोलणें त्यांना रुचत नाहीं.

तेव्हां एका ‘रिअलाइझ’ला मराठी प्रतिशब्द एक नाहीं, प्रसंगाप्रमाणें चार आहेत. स्वप्न साकार होतें, मनाला उमगतें किंवा जाणवतें, आत्म्याला साक्षात्कार होतो. आणि पैसा वसूल होतो. हा शेवटचा शब्द अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ ‘येऊन पोंचणें’ असा आहे. आम्हांस विचाराल तर या क्रियापदाचें सारें रहस्य या साध्या कचेरींतल्या शब्दांत सांठविलेलें आहे.

कळणें आणि वळणें

महसुलाच्या हिशेबांत तीन रकाने असतात : मागणी, वसूल आणि बाकी. मागणीच्या रकान्यांत कितीहि मोठा आंकडा असला तरी त्यानें खजिना भरत नाहीं. वसूल झालें तेवढेंच खरें. आपल्या ज्ञानाचाहि हिशेब असाच मांडतां येईल. वाचलेलें, ऐकलेलें, मान्य केलेलें सारें मागणीच्या रकान्यांत; जें आचरणांत येऊन पोंचलें तें वसूल; उरलेली बाकी. ‘कळतें पण वळत नाहीं’ ही आपली म्हण म्हणजे या बाकीचीच कबुली होय.

कार्डिनल न्यूमन यानें १८७० मधील आपल्या ग्रंथांत संमतीचे दोन प्रकार सांगितले : कल्पनेला दिलेली संमति आणि वस्तूला दिलेली संमति. गुलामांचा व्यापार पापमय आहे हें पुष्कळांनीं मान्य केलें होतें. परंतु ती मान्यता लोकांकडून कांहीं करवून घेण्याइतकी प्रबळ होण्यास पुस्तिका, भाषणें आणि संघटित चळवळ यांची गरज लागली, असें त्यानें दाखविलें आहे. ब्रिटिश पार्लमेंटानें तो व्यापार १८०७ मध्यें बंद केला. वसाहतींतील गुलामगिरी मोडणारा कायदा व्हावयास १८३३ साल उजाडावें लागलें. मधल्या वर्षांत कोणालाहि नवी माहिती मिळावयाची राहिली होती असें नाहीं.

आपल्याच समाजाकडे पाहूं. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ मध्यें मिळाली. शास्त्रार्थ झाले, लेख झाले, सभा झाल्या. त्या सुधारणेचे निष्ठावंत पुरस्कर्ते महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नी १८७३ मध्यें निवर्तल्या, आणि त्याच वर्षीं वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून त्यांनीं अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. रानड्यांना कळलें नव्हतें असें कोण म्हणेल? त्यांच्याइतकें स्पष्ट फार थोड्यांना कळलें होतें. पुढें त्यांनीं त्या पत्नीस स्वतः शिकविलें, आणि रमाबाई रानड्यांनीं पुण्याच्या सेवासदनाच्या रूपानें त्या शिक्षणाची भरपाई समाजाला शतपट करून दिली, हेंहि तितकेंच खरें. परंतु तो एक हप्ता थकला तो थकलाच. वीस वर्षांनीं, १८९३ मध्यें, धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं विवाह केला व मुरूडच्या गांवकऱ्यांचा बहिष्कार सोसला. कर्व्यांपाशीं रानड्यांहून अधिक माहिती नव्हती. त्यांच्याकडे वसूल मात्र झाला होता.

थोरांचे दाखले देण्यांत एक धोका असतो. ते आपल्यापासून दूर वाटतात. म्हणून घरांतलाच हिशेब काढावा. स्वयंपाकघरांतील काम संपत नसतें, हें घरांतील प्रत्येक पुरुषाला ठाऊक असतें. म्हाताऱ्या माणसाला औषधापेक्षां जवळ बसणारें माणूस हवें असतें, हें मुलांना ठाऊक असतें. नव्या सुनेला पहिलें वर्ष परक्याच्या घरासारखें जातें, हें तर सासूला अनुभवानेंच ठाऊक असतें. यांतील एकहि गोष्ट कोणी नव्यानें सांगावयास नको. आणि तरीहि पुष्कळ घरांत त्या गोष्टी शेकोटीपाशीं बसून ऐकलेल्या वादळासारख्या असतात. जेव्हां ती बाई अंथरुणाला खिळते, किंवा ती आरामखुर्ची रिकामी होते, तेव्हां त्या एकाएकीं खऱ्या होतात. इंग्रज माणूस तेव्हां ‘रिअलाइझ’ म्हणतो. आपण ‘आतां कळलें’ असें म्हणतों. पण तो शब्दाचा औदार्यभाव आहे. कळलें पूर्वींच होतें, पोंचलें आतां.

म्हणून तरुणांच्या तोंडीं हा शब्द आला तर वडिलांनीं फार कष्टी होऊं नये. त्याच्या जागीं उमगणें, जाणवणें, प्रत्ययास येणें हे आपले शब्द गोडीनें सुचवावे, आणि त्याबरोबर त्याचा मूळ अर्थहि सांगावा. जॉन लॉच्या पॅरिसमध्यें शहाणे तेच ठरले, ज्यांनीं कागद हातांत असतांना त्याचें सोनें करून घेतलें. घरांतील माणसांविषयीं आपणांस जें ठाऊक आहे त्याचा वसूल तीं माणसें घरांत आहेत तोंवरच करतां येतो. त्यानंतरची बाकी कोणत्याहि भाषेंतील क्रियापदानें फिटत नाहीं.